पाना फिरवा, पावती द्या

खोललेल्या गाडीचे भाग विकणारा माणूस चोर नसतो. हे वाक्य आधीच लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे भंगाराच्या दुकानासमोर पोलिसांची गाडी उभी राहिली की चहाच्या टपरीवर तेवढ्यात निकाल लागतो. ‘लेकाचा चोरीचाच माल इकते,’ असं म्हणणारा माणूस बरेचदा त्याच दुकानातून डाव्या बाजूचा आरसा घेऊन गेलेला असतो. आरसा घेताना पावती त्यानं मागितली नव्हती, दुकानदारानं दिली नव्हती. मग बदनामी एकट्या दुकानदाराच्या वाट्याला का?

हा धंदा मानाचा आहे, आणि तो कागदाविना चालतो म्हणून बदनाम आहे. या आठवड्यात मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायचं आहे.

वरूडचंच घ्या. आंबिया बहाराचा माल तोडायला आला की या तालुक्यात चाकं थांबत नाहीत. बागेतून मंडीत, मंडीतून मोठ्या ट्रकवर. कॅरेटनं भरलेली पिकअप, छोटा हत्ती, जुनी ४०७, जी गाडी हाताशी असेल ती रस्त्यावर येते. अशा दिवसांत पहाटे बागेतच गाडीचा सेल्फ गेला तर नव्या सेल्फची वाट कोण पाहणार? अमरावती नव्वदेक किलोमीटर, नागपूर त्याहून लांब. शोरूममध्ये भाग शिल्लक असला तर ठीक, नसला तर ‘ऑर्डर टाकतो’ हे उत्तर ठरलेलं. तोडलेला संत्रा ऑर्डरीसाठी थांबत नाही. मग मिस्त्री एक फोन लावतो. कुठल्याशा खोललेल्या गाडीचा सेल्फ ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती दुपारपर्यंत येतो, आणि संध्याकाळी माल मंडीत उतरतो. तो सेल्फ जपून काढणारा, साफ करणारा, बॅटरीला लावून फिरवून पाहणारा आणि फळीवर ठेवणारा माणूस त्या दिवशी एका कुटुंबाचं नुकसान वाचवतो. त्याला आपण भंगारवाला म्हणतो आणि पुढे जातो.

हिशेबही बघा. मारुती ८००चं वजन साधारण साडेसहाशे किलो. भंगाराचा भाव किलोला तीस रुपये धरला, आणि सगळी गाडी लोखंडाचीच आहे असं मानलं, तरी वीस हजारांच्या आत खेळ आटोपतो. तीच गाडी नीट खोलली तर इंजिन एकाकडे जातं, गिअरबॉक्स दुसऱ्याकडे, डायनामो तिसऱ्याकडे. रेडिएटर, दारं, काचा, दिवे, रिम, सीट, वायरिंग, प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. किलोच्या काट्यावर गेलेला चांगला गिअरबॉक्स वितळतो. त्यात ज्या कामगारांनी दाते कापले, घासले, बसवले, त्यांची मेहनतही भट्टीत जाते. त्याच गिअरबॉक्सवर दुसरी गाडी आणखी काही वर्षं चालू शकते. मला यात काटकसर दिसते, अक्कल दिसते. कमीपणा कुठेच दिसत नाही.

आणि अक्कल म्हणजे किती! कुठल्या गाडीचा भाग कुठल्या गाडीला बसतो, याचं अमेरिकेत १९३४ पासून छापील पुस्तक निघतं. हॉलंडर इंटरचेंज त्याचं नाव. तिकडचे जुन्या भागांचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर धंदा करत आले. आपल्याकडे ते पुस्तक मिस्त्रीच्या डोक्यात असतं. मारुती ८०० आणि ओम्नी, दोन्हींचं इंजिन तेच, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. टोयोटाची ग्लान्झा उघडा, आत बलेनो आहे. फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन तर फियाटच्या पुंटोत होतं, मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं आणि टाटाच्या इंडिगो मांझातही होतं. नाव प्रत्येकानं आपापलं दिलं. बाहेरच्या जोडण्या, पंप, वायरिंग यांत फरक असतात, आणि नेमका कुठला फरक आड येईल आणि कुठला येणार नाही हे ज्याला कळतं तो कारागीर. दहावी नापास म्हणून ज्याची गणती होते त्या पोराला हे सगळं तोंडपाठ असतं. त्याची कुठे नोंद नाही, प्रमाणपत्र नाही.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून छोटी चारचाकी जीप तयार केली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. २०२१च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी जाहीरपणे सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, पण या कल्पकतेचं कौतुक केलंच पाहिजे. त्या गाडीच्या बदल्यात त्यांनी लोहारांना बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. मला या गोष्टीत दोन्ही बाजू पटतात. रस्त्यावर येणाऱ्या गाडीला नियम हवेतच. पण ज्या हातांना हे जमतं त्या हातांना नियमांच्या आत आणण्याचं काम एका उद्योगपतीच्या मनाच्या मोठेपणावर सोडून चालत नाही. ते सरकारचं काम आहे.

आता मोठ्या कंपन्यांकडे वळतो, कारण त्यांनाही या चित्रात उभं केलं पाहिजे. शेवरोलेनं २०१७ संपताना भारतातली विक्री बंद केली. तळेगावच्या कारखान्यात २०२० अखेर काम थांबलं. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपन्या गेल्या, गाड्या राहिल्या. वऱ्हाडात लग्नाच्या वरातीपासून शेगावच्या वारीपर्यंत माणसं वाहणाऱ्या टवेरा गेल्या नाहीत. त्या अजून कुणाच्या तरी पोटापाण्याचं साधन आहेत. अशा गाडीचं एखादं दार, एखादा रॅक, मीटरचा संच नवा मिळवायचा म्हटलं तर दमछाक होते. खोललेली दुसरी टवेरा हाच त्या मालकाचा आधार.

ज्या कंपन्या आहेत त्यांचंही फार कौतुक नको. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय, तर अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न येऊ देता आपल्याच अधिकृत केंद्रांपुरती ठेवणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगानं नोंदवलेली तक्रार तालुक्याच्या प्रत्येक गॅरेजवाल्याची होती. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही घेतल्या. चांगलं केलं. पण पोर्टलवर फोन नंबर आणि माहितीपुस्तिका टाकून हक्क पुरा होत नाही. हक्क तेव्हा पुरा होतो, जेव्हा वरूडच्या मिस्त्रीला भाग आणि माहिती दोन्ही रास्त भावात मिळतात. तोवर जुना भाग हाच गरिबाचा अस्सल भाग.

इथवर मी या धंद्याच्या बाजूनं बोललो, आणि त्यातला शब्दही मागे घेत नाही. आता दुसरी बाजू.

‘भाऊ, पावती भेटन का?’

‘पावती पायजे असन त शोरूमले जा ना बापा.’

हे संभाषण इथे जुन्या मालाच्या दुकानात रोज होऊ शकतं, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. विकणाऱ्याला कर नको, विकत घेणाऱ्याला भाव कमी हवा, दोघांचं जमतं. पण ज्या गावात सातबारा पाहिल्याशिवाय कुणी अर्धा एकर घेत नाही, त्या गावात इंजिन विनाकागद हातोहात जातं, हे मला पटत नाही.

कारण चोराला लपायला हीच जागा लागते. मेरठच्या सोतीगंजचं नाव देशभर झालं ते याच पायी. उत्तरेतल्या शहरांतून चोरलेल्या गाड्या तिथे यायच्या, कापल्या जायच्या आणि भाग होऊन देशभर पसरायच्या. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. तिथे सचोटीनं धंदा करणारेही होते. त्यांची दुकानंही त्याच फटक्यात बंद झाली. कागद नसलेल्या बाजारात प्रामाणिक माणसाकडे प्रामाणिकपणाचा पुरावाच नसतो. ही खरी भीती आहे, आणि ती वऱ्हाडातल्या दुकानदारानं सगळ्यात आधी ओळखली पाहिजे.

चोरीचं इंजिन ओळखता येतं. इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते, तिथे नंबर ठोकलेला असतो. कारखान्यात ठोकलेले आकडे एका ओळीत असतात, एकाच खोलीचे, सारख्या अंतरावर. जिथे ग्राइंडर फिरलाय तिथे ती जागा आजूबाजूपेक्षा किंचित खोलगट झालेली असते; चिंधीनं तेल पुसून बोट फिरवा, बोटाला कळतं. हातानं पंच केलेल्या आकड्यांत एखादा ३ ओळीच्या वर जातो, एखादा ८ तिरका बसतो. सगळं इंजिन तेलानं काळंभोर आणि तेवढ्याच चौकोनावर ताजा चंदेरी रंग असेल, तर ते इंजिन खाली ठेवा आणि घरी या. जुन्या मिस्त्रीला हे एका नजरेत दिसतं. दिसूनही तो गप्प बसतो, कारण त्याला कुणी विचारत नाही.

आणखी एक प्रकार आहे, तो याहून वाईट. अपघातात चेंदामेंदा झालेली गाडी विमा कंपनी ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा विकला जातो. त्या सांगाड्याबरोबर आरसी जिवंत राहिली, तर काही गिऱ्हाइकांना सांगाड्यात रस नसतोच. त्यांना हवी असते ती आरसी. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी चोरायची, तिचा चेसिस नंबर घासून मेलेल्या गाडीचा नंबर ठोकायचा, आणि चोरीची गाडी कागदोपत्री चोख करून विकायची. देशभरातल्या पोलिसांनी ही पद्धत पुन्हा पुन्हा उघड केली आहे. वरूड तर सीमेवरचा तालुका. थोडं पुढे गेलं की पांढुर्णा, मुलताई, म्हणजे दुसरं राज्य, दुसरं पासिंग, दुसरे पोलीस. इथल्या माणसानं कागदाबाबत जास्त जागं राहायला हवं.

म्हणून गाडीच्या मालकाला माझं पहिलं सांगणं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानं १४ दिवसांत नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला कळवायचं आणि आरसी जमा करायची. नोंदणी रद्द होते. कायदा ३५ वर्षांहून जुना आहे, पण किती लोक हे करतात? ‘गाडी त कटूनच रायली, आता कागद कायले पायजे?’ हे उत्तर मी वऱ्हाडात चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आहे. कागद त्यासाठीच पाहिजे, कारण गाडी कटली तरी सरकारच्या वहीत ती तुमच्या नावानं रस्त्यावर धावते आहे. तिच्या नंबरावर दुसरी कुठली गाडी धावली तर चलान तुमच्या नावानं, आणि कुणाला उडवलं तर नोटीसही तुमच्या दारात.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकत गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. अपघाताच्या भरपाईसाठी न्यायालयानं नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं. अपघातात सापडलेल्या माणसानं खऱ्या मालकाच्या शोधात वणवण करायची नाही, हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच आहे. तेव्हा गाडी धुऱ्यावर सडत पडली असेल, भंगारात दिली असेल, भावाच्या मेव्हण्याला तोंडी देऊन टाकली असेल, तर तिचा नंबर आजच परिवहनच्या अॅपवर टाकून बघा. ती ‘सक्रिय’ दिसत असेल तर जबाबदारीही सक्रिय आहे.

आता सरकारकडे वळू. २०२१च्या अर्थसंकल्पात जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण आलं, त्याच वर्षी सप्टेंबरात नोंदणीकृत मोडणी केंद्रांचे नियम आले. नितीन गडकरी विदर्भाचे, आणि हे धोरण त्यांनी मनापासून पुढे नेलं, हे मान्य केलं पाहिजे. नियमांत चांगल्या गोष्टी आहेत. केंद्रानं गाडी घेताना ती ‘वाहन’ नोंदीत आणि चोरीच्या गाड्यांच्या नोंदीत तपासायची. मालकाला जमा प्रमाणपत्र द्यायचं. गाडी मोडल्यावर मोडणीचं प्रमाणपत्र. चेसिस नंबरचा कापलेला तुकडा ६ महिने सांभाळून ठेवायचा. सरकारनं खरंच डोकं लावलंय. जमा प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूदही आहे. ते प्रमाणपत्र विकताही येतं.

पण हे सगळं ज्याच्यासाठी लिहिलंय तो माणूस नवी गाडी घेणारा आहे. वरूडचा छोटा बागायतदार जुनी पिकअप काढतो आणि तिच्या जागी तिच्यापेक्षा थोडी कमी जुनी पिकअप आणतो. त्याला नव्या गाडीवरच्या सवलतीचा उपयोग काय? प्रमाणपत्र विकता येतं हे त्याला सांगितलंय कुणी? मोडणी केंद्रं उभी राहतात ती मोठ्या शहरांजवळ, औद्योगिक वसाहतींत. केंद्राच्या नोंदणीचं शुल्कच १ लाख रुपये, त्यावर बँक हमी, प्रदूषण मंडळाची संमती, यंत्रसामग्री. तालुक्याच्या ठिकाणी पत्र्याच्या शेडमध्ये दोन पोरं घेऊन गाडी खोलणाऱ्यानं हे कुठून आणायचं? मोठ्या कंपन्यांना केंद्रं दिली आणि लहान कारागिराला कायद्याच्या बाहेर ठेवलं, तर गाड्या केंद्रात जाणार नाहीत. त्या शेडमध्येच जातील, जिथे आजवर जात आल्यात, फक्त आता लपूनछपून.

उलट जुनी गाडी ठेवणंही महाग केलं. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून थेट ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,००० रुपये. ठेवायला महाग, मोडायला लांब. मग माणूस मधला रस्ता काढतो, आणि तो मधला रस्ता विनापावतीचा असतो.

१ एप्रिल २०२५ पासून पर्यावरण कायद्याखालचे नवे नियमही लागू झाले, आयुष्य संपलेल्या वाहनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे. दिशा बरोबर आहे. त्यातून शेतीचे ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या वगळल्या आहेत, हे शेतकऱ्यानं लक्षात ठेवावं. मोडणीच्या नावाखाली ट्रॅक्टरबद्दल कुणी घाबरवायला आलं तर घाबरू नये. पण माझी मागणी पुढची आहे. उत्पादकांनी संकलन केंद्रं उघडायचीच आहेत, तर एक वरूडला उघडा, एक अकोटला, एक दर्यापूरला. आरटीओचे अधिकारी लायसन्ससाठी तालुक्यात कॅम्प घेतात. त्याच कॅम्पमध्ये कलम ५५चा अर्ज घ्या, आरसी जमा करून घ्या, पोच द्या, नंबर प्लेट तिथेच कापा. आणि गाडी खोलणाऱ्या छोट्या कारागिरासाठी हलका परवाना काढा. सिमेंटचा कोबा, तेल साठवायची टाकी, बॅटरी ठेवायची वेगळी जागा, आणि एक रजिस्टर. एवढं असेल त्याला उजेडात धंदा करू द्या. युरोपात २०१५ पासून मोडीत निघालेल्या गाडीच्या वजनाचा ९५ टक्के भाग पुन्हा वापरात किंवा उपयोगात आणायचं बंधन आहे, जपाननं २००५ पासून स्वतंत्र कायदा लागू केला. तिथे हे काम करणारा माणूस परवानाधारक व्यावसायिक असतो.

कोबा आणि टाकीचा आग्रह मी उगाच धरत नाही. वरूड तालुका भूजलाच्या बाबतीत अतिशोषित म्हणून नोंदलेला आहे. संत्र्यापायी इथे बोअर किती खोल गेलेत हे प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. ज्या पाण्यासाठी आपण इतके खोल गेलो, त्या जमिनीवर इंजिनाचं जळकं तेल, कुलंट आणि बॅटरीचं ॲसिड ओतणं हा गुन्हा आहे, कायद्यानंही आणि गावाच्या दृष्टीनंही. गाडी खोलताना पहिलं काम तेल काढायचं, बॅटरी वेगळी करायची, एसीचा गॅस नीट उतरवायचा, पाना त्यानंतर. वायरिंगमधलं तांबं काढायला प्लास्टिक जाळणाऱ्यांबद्दल तर मला काही मऊ बोलता येत नाही. तो धूर पहिल्यांदा त्याच्याच घरातल्या लेकरांच्या छातीत जातो.

आणि सगळेच भाग विकायचे नसतात. एअरबॅग एकदा उघडली की संपली, आणि न उघडलेली एअरबॅग अर्धवट माहितीच्या हातात स्फोटकासारखी धोकादायक. अपघातात ताण घेतलेला सीटबेल्ट पुन्हा विकू नका. ब्रेकच्या रबरी नळ्या, ब्रेक पॅड, हे जुने घ्यायचेच नाहीत. त्यात वाचलेल्या पैशाची किंमत घाटात कळते, आणि वरूडची पोरं बैतूलकडचा घाट रोज चढतात-उतरतात. टायर घेताना नक्षी खोल आहे एवढ्यावर भुलू नका. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला आहे. वर काळं पॉलिश कितीही मारलं तरी ते चार आकडे खोटं बोलत नाहीत. दार, बोनट, काच, सीट, दिवे, आरसे, डायनामो, सेल्फ, गिअरबॉक्स: हे खुशाल घ्या, बघून घ्या, फिरवून घ्या. इंजिन घेतलंत तर नंबर बदललाय हे आरटीओत कळवा आणि आरसीवर नोंद करून घ्या. नाहीतर गाडी विकायच्या दिवशी चोर ठराल, आणि त्या वेळी पावतीशिवाय काही कामाला येणार नाही.

चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं समजायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ‘मले काय माहीत होतं,’ हे वाक्य बाजारभावाच्या चौथाई किमतीत इंजिन घेतलेल्या माणसाच्या तोंडी टिकत नाही. भाव इतका कमी का, हे विचारणं हीच त्याची जबाबदारी होती.

दुकानदारांना माझं म्हणणं सोपं आहे. एक वही घाला. आलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, मालकाचं नाव, आरसीची प्रत, आरटीओची पोच. विकलेल्या प्रत्येक भागाच्या पावतीवर तो कुठल्या गाडीतून निघाला तो नंबर. सप्टेंबर २०२५ पासून नव्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. पूर्वी अनेक भागांवर २८ होता. नवा माल स्वस्त होतोय. जुन्या मालाला बाजारात टिकायचं असेल तर स्वस्ताईच्या जोडीला विश्वास लागेल. ज्याच्या पावतीवर चेसिस नंबर आहे त्याचा माल नागपूरचा गॅरेजवालाही डोळे झाकून उचलेल. पोलीस दारात आले तर वही पुढे करा. मग चहाच्या टपरीवर कुणी काही बोलो.

पोलिसांनाही एक सांगतो. रजिस्टर ठेवणाऱ्याला रजिस्टर ठेवल्याबद्दल त्रास देऊ नका. वही ठेवणारा दुकानदार दर महिन्याला ठाण्यात बोलावला गेला आणि वही न ठेवणारा निवांत राहिला, तर वर्षभरात तालुक्यात एकही वही उरणार नाही.

आणि राजेहो, शेवटी तुम्ही. पुढच्या वेळी खोललेल्या गाडीचा आरसा घ्या, सेल्फ घ्या, नाही तर नुसतं एक टायर घ्या, पावती मागा. त्यावर भाग कुठल्या गाडीचा आहे ते लिहून घ्या. दुकानदार देत नसेल तर शेजारचं दुकान बघा. आणि घरामागे एखादी जुनी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी तिची आरसी शोधून काढा. गाडी खोलली त्या दिवसापासून तुमच्याकडे १४ दिवस आहेत.